अण्णांसाठी केलेली हलकी बिस्किटं

"हलकी म्हणजे वजनाला का ओ ताई?" असं मला एका बाईंनी फोनवर विचारलं होतं. मी म्हणाले, "नाही, पोटाला." त्या म्हणाल्या, "मग वजनाला भारी असतील तर जास्त द्या." मी खरंच थोडी जास्त दिली. इतकं सरळ गिऱ्हाईक रोज भेटत नाही.

लातुरात घरच्या ओव्हनवर चॉकलेटच्या कुकीज भाजून विकायला लागून मला बरीच वर्षं झाली. कुकीज हा गिऱ्हाइकांचा शब्द. आमच्या घरात त्यांना बिस्किटंच म्हणतात, कारण ती ज्यांच्यासाठी सुरू झाली ते माझे सासरे, अण्णा, दुसरा शब्द मानायलाच तयार नाहीत. "आकार गोल, चहासोबत खायचं, मग त्याला बिस्किट म्हणायला लाज कशाची?" असा त्यांचा सवाल असतो.

अण्णांचं भांड्यांचं दुकान होतं. आयुष्य गल्ल्यावर बसून गेलं. सकाळी स्नान, कपाळाला विभूती, लिंगपूजा, मग दुकान. आणि दुपार कलली की घरून जाणारा चहा आणि बेकरीतली लोणी बिस्किटं. जेवण एखाद्या वेळी चुकलं तर चाललं, पण हा चहा चुकला की दुकानातला नोकर आणि गिऱ्हाईक दोघांचीही खैर नसायची. पुढे त्यांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, आणि डॉक्टरांनी घरी सोडताना हातात लांबलचक पथ्य दिलं. त्यात बेकरीचं सगळं बंद.

अण्णांनी औषधं घेतली, मीठ कमी केलं, तळलेलं सोडलं. पण दुपारचा चहाही सोडून दिला. "बिस्किट न्हाई तर चहा कशाला? गरम पाणीच पिऊन राहतो की," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. दुकानात जाणं बंद झालं. डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणंही बंद. माझ्या सासूबाई, म्हणजे अव्वा, एकदा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, "हे दुखणं न्हाई गं सुरेखा. माणूस रुसलाय. आन् रुसलेला माणूस लवकर खचतो."

मी तेव्हा वाढदिवसाचे केक आणि भरपूर लोण्याची बिस्किटं करून द्यायची. म्हणजे विचार करा, घरात दिवसभर लोणी आणि चॉकलेट भाजल्याचा वास, आणि बाजूच्या खोलीत हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडलेला. एक दिवस मी ट्रे बाहेर काढत होते तेव्हा त्यांचा आवाज आला, "सगळ्या गावाला खाऊ घालायलीस. घरच्याला तेवढा वास." रागानं म्हणाले असते तर मला काही वाटलं नसतं. ते अगदी हळू म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मी कमी लोण्याच्या बिस्किटाच्या मागे लागले.

ज्यांनी कधी भाजकाम केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बिस्किट खुसखुशीत होतं ते लोण्यामुळं. मैद्याला ओल लागली की तो चिवट व्हायला लागतो. लोणी मध्ये येतं आणि त्याला चिवट होऊ देत नाही. साखरही नुसती गोडीपुरती नसते. ती वितळून बिस्किटाला पसरवते, कडा कुरकुरीत करते. त्यामुळं लोणी आणि साखर निम्मी केली की निम्म्या पथ्याचं बिस्किट तयार होत नाही. एक तर दगड होतो नाही तर पाव होतो. त्यात आमच्या घरात अंडं चालत नाही, म्हणजे हवा भरायची ती सोयही गेली.

माझा पहिला घाणा दगडाचा झाला. अण्णांनी तो चहात धरला, धरून ठेवला. "चहा गार झाला," ते म्हणाले, "ह्याला काय अजून पाझर फुटंना." मग मी लोण्याऐवजी केळं कुस्करून घातलं. मऊ झालं, पण खाल्ल्यावर अण्णांनी विचारलं, "हे बिस्किट हाय का शिकरण?" ओट्स घातले तेव्हा त्यांनी आख्खं बिस्किट न बोलता चावून खाल्लं आणि शेवटी म्हणाले, "घोड्याला आवडंल."

पण एक गोष्ट माझ्या आणि अव्वांच्या लक्षात आली होती. नावं ठेवायला का होईना, अण्णा उठून बसत होते. दुपार झाली की खोलीतून विचारणा व्हायची, "आज काय बिघडवलीस?"

वाट सापडली ती भाकरीमुळं. अव्वा भाकरी थापत होत्या आणि पीठ जुनं असल्यामुळं भाकरी सारखी तुटत होती. त्या पिठाला शिव्या देत होत्या. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला तळहाताला माहीत असतं. भाकरीत जो दोष, तोच मला बिस्किटात हवा होता. चिवट होऊच न शकणारं पीठ! मी निम्मा मैदा काढून ज्वारीचं बारीक चाळलेलं पीठ घातलं. लोणी कमी केलं ती जागा घट्ट चक्क्यानं भरली, फडक्यात दही रात्रभर टांगून केलेला. कोको पावडर थोड्याशा गरम दुधात भिजवून घेतली, म्हणजे तिचा कडवट वास मोकळा होतो. चिमूटभर मीठ आणि अगदी किंचित कॉफी घातली. दोन्ही वेगळी कळत नाहीत, पण चॉकलेटला पुढं आणतात. खरं चॉकलेट थोडंच, पण सुरीनं इतकं बारीक चिरलेलं की प्रत्येक घासाला लागावं. मोठे तुकडे टाकले की दोन घास चॉकलेटचे आणि बाकीचे पिठाचे होतात.

शेवटची गोष्ट धीराची. ही बिस्किटं ओव्हनमधून काढताना मधे मऊ असतात. कच्ची आहेत असंच वाटतं. बाहेर ट्रेवर ती आपली आपण घट्ट होतात. पूर्ण झाल्यासारखी दिसेपर्यंत आत ठेवली तर बाहेर आल्यावर दगडच.

त्या दिवशी अण्णांनी बिस्किट चहात बुडवलं नाही. तसंच खाल्लं. मग बशीकडं हात नेला, थांबले आणि विचारलं, "दुसरं घेतलं तर चालंल का?" अव्वांनी माझ्याकडं पाहिलं. मला त्यांच्या डोळ्यांकडं बघवलं नाही, मी ओव्हन पुसायला वळले.

आठवड्याभरात अण्णा बागेत फिरायला जाऊ लागले. जाकिटाच्या खिशात माझ्या बिस्किटांची पुडी असायची. बागेत त्यांच्यासारख्याच हार्टवाल्या, शुगरवाल्या, गुडघेवाल्या म्हाताऱ्यांचा कट्टा जमायचा. तिथून मागणी सुरू झाली. रेणापूरचे एक गुरुजी तर एसटीनं येऊन डबा घेऊन जायचे. केकची कामं मी हळूहळू कमी केली. त्याची आजही थोडी हळहळ वाटते, क्रीमची फुलं काढण्यात माझा हात चांगला होता. पण म्हातारी माणसं दारात येऊन "ती हलकी आहेत का?" असं विचारायची तेव्हा मला माझं काम सापडल्यासारखं वाटायचं.

अण्णा बागेत बिस्किटं वाटताना काय बोलतात, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. ते कळलं एका सोमवारी सकाळी.

दार वाजलं. उघडलं तर दवाखान्यातला पांढरा कोट घातलेली एक तरुण मुलगी, हातात माझा रिकामा डबा.

"बिस्किटं तुम्हीच करता?"

"हो. आत या ना."

"आत यायला वेळ नाही. मी नसरीन. खालिदभाई टेलर माझे अब्बा. काल दिवसभरात त्यांनी हा डबा संपवला. आज पहाटे चक्कर येऊन पडले. शुगर इतकी वर गेलीय की डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलंय."

 खालिदभाईंना मी ओळखत होते. आमच्या घरातले पडदे, अव्वांचे पोलके, अण्णांचे शर्ट, सगळं त्यांच्या मशीनवरचं. आता डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून दुकान बंद करून बसले होते. अण्णांच्या बागेतल्या कट्ट्यावरचे ते सगळ्यात जवळचे.

"पण डबाभर कसा..." मी म्हणाले.

"तेच विचारायला आलेय," नसरीन म्हणाली. ती ओरडत नव्हती, पण राग लपत नव्हता. "अब्बांना सांगितलं गेलंय की ही औषधी बिस्किटं आहेत. कितीही खा, काही होत नाही. त्यांनी शुगरच्या गोळ्यासुद्धा घेतल्या नाहीत, म्हणे बिस्किटातच सगळं आहे. मी लॅबमध्ये काम करते, वहिनी. रोज लोकांचं रक्त तपासते. आणि माझ्याच घरात हे!"

"कुणी सांगितलं त्यांना असं?"

 माझ्या खांद्यावरून तिनं आत पाहिलं. मी वळले. अण्णा आतल्या खोलीच्या दारात उभे होते, फिरायला जायच्या तयारीत, जाकीट घातलेलं. त्यांचा चेहरा पाहून मला दुसरं काही विचारावं लागलं नाही.

नसरीन डबा उंबऱ्यावर ठेवून निघून गेली. अण्णा जाकीट न काढता खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, "सुरेखा, मी कौतुकानं बोलायलो होतो गं. माझी सून, माझं बिस्किट. बोलता बोलता वाढत गेलं."

"दवाखान्यात जाऊ या, अण्णा."

"तू जा. मला तोंड न्हाई."

"मला तरी कुठं आहे? चला."

 वाटभर मी मनात एकच घोकत होते, की हा धंदा आजपासून बंद. कमी साखर म्हणजे साखर नाही असं नव्हे, हे मला माहीत होतं. ज्वारीच्या पिठाचीही शेवटी साखरच होते. पण घेणाऱ्याच्या कानावर जातं ते "हलकं" एवढंच. पुढचं तो स्वतःच्या जिभेच्या सोयीनं जोडून घेतो.

खालिदभाईंना सलाईन लावलेलं होतं. चेहरा उतरलेला, पण शुद्धीवर होते. नसरीन उशाशी बसलेली. अण्णा पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, लोखंडी कठडा धरून. दुकानात कुणाचं ऐकून न घेणारा हा माणूस हात जोडून म्हणाला, "खालिदभाई, माझ्या बोलण्यानं झालं हे. मी खोटं सांगितलो."

खालिदभाईंनी हात हलवून जवळ बोलावलं. "हौ, तुम्ही बोलले, अण्णा. पण डबा तर मीच खाल्ला ना? तुम्ही काय घास भरवायला आलते?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बेटी, सच्ची बात सांगू? गोळ्यांनी तोंड कडू झालतं. ईदला घरात शीरखुर्मा शिजतो आन् माझ्यासमोर ही पोरगी दलिया ठेवती. बरसों बाद कुणीतरी बोललं की खा, बिनधास्त खा. मला ते ऐकायचंच होतं."

नसरीननं मान फिरवली. तिचे डोळे भरून आले होते. "अब्बा, मी दलिया हौसेनं देते का?"

"नाही बेटा. म्हणून तर छुपके खाल्लं."

मी तिथंच सांगून टाकलं की मी बिस्किटं बंद करते. खालिदभाई उठून बसायला लागले, नर्सनं दटावून निजवलं. बोलली ती नसरीनच. अजून तिच्या आवाजातला राग गेला नव्हता. "बंद केलं तर हे बेकरीचं खाणार. ते जास्त वाईट. त्यात काय काय असतं ते आधी मला सांगा. खरं खरं."

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं. लोणी किती, साखर किती, चॉकलेट कसलं. ती मध्ये मध्ये विचारत राहिली. मग आम्ही दोघी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, शुगर ताब्यात आल्यावर एखादं छोटं बिस्किट, तेही जेवणातलं काहीतरी कमी करून, आणि गोळ्या न चुकवता. "पण त्याला औषध म्हणू नका. औषध आम्ही देतो."

खालिदभाई बरे होऊन घरी आले आणि माझ्या कामाची घडी बदलली. बिस्किटाचा आकार मी रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, एवढाच ठेवला. डबे बंद केले, लहान पुड्या सुरू केल्या. देताना प्रत्येकाला तोंडानं सांगायचं की यात साखर आहे, मैदा आहे, लोणी आहे. फक्त कमी आहे. शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. काही गिऱ्हाइकं नाराज झाली. एक गृहस्थ म्हणाले, "मग तुमच्याकडून कशाला घ्यायचं, खायचं तर पोटभर खाईन की!" आणि गेले ते गेले. अण्णा मात्र बागेत जायला धजत नव्हते. शेवटी खालिदभाईच त्यांना न्यायला घरी आले, काठी टेकत. "अण्णा, तुम्ही नाही आले तर मी कुणाशी भांडू?" म्हणाले. दोघं निघाले. मी गॅलरीतून पाहत होते. कोपऱ्यावर अण्णांनी खालिदभाईंचा हात धरला, रस्ता ओलांडण्यापुरता, आणि पलीकडं गेल्यावर सोडायचं विसरले.

नसरीन आधी नुसती तपासायला यायची. मी काय घालते ते बघायची, अब्बांची शुगर कशी आहे ते सांगायची. मग सुट्टीच्या दिवशी हात धुऊन मदतीला उभी राहू लागली. वहिनीची भाभी झाले. चॉकलेट चिरण्यात तिचा हात माझ्याहून बारीक. सुई धरणाऱ्याची मुलगी आणि स्वतःही सुई धरणारी, असं अव्वा म्हणतात.

मध्यंतरी अहमदपूरचे एक मोठे दुकानदार आले होते. बिस्किटं खाऊन खूश झाले. तिथल्या आणि आसपासच्या दुकानांत ठेवू म्हणाले, कारखाना टाकू म्हणाले. फक्त पुडीवर 'शुगर फ्री' छापायचं.

"पण साखर आहे त्यात," मी म्हणाले.

"थोडीशीच आहे ना? लोक वाचतात काय, पुढचे दोन शब्द. मागं बारीक अक्षरात लिहा हवं ते."

तेवढ्यात आतल्या खोलीतून अण्णा बाहेर आले. "शरणार्थ," असा आमच्या लिंगायतांतला नमस्कार करून त्यांच्यासमोर बसले आणि खालिदभाईंची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. स्वतःचा वाटा न लपवता, स्वतःचं नाव घेऊन. दुकानदार चहा पिऊन गेले. कारखाना झाला नाही. कधी कधी मोठे ओव्हन, मोठं नाव असं स्वप्नात येतं, नाही असं नाही. पण सकाळी उठून पाहिलं की हात आणि गिऱ्हाइकं एकमेकांना पुरेशी असतात.

या वर्षी नांदेडला, माझ्या माहेरी, एका महिला मंडळानं हलक्या बिस्किटांचा वर्ग घ्यायला बोलावलं. नसरीनलाही सोबत नेलं. हॉल भरलेला. मी पीठ दाखवत होते, नसरीन साखरेचं बोलत होती. ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि लाइट गेली. पंखे थांबले, बायका पदरानं वारा घ्यायला लागल्या. कुणीतरी ओव्हनकडं धावली. मी म्हणाले, "दार उघडू नका. आतली धग पुरेशी आहे." आम्ही तशाच घामेजून गप्पा मारत बसलो. बऱ्याच वेळानं ट्रे काढला तर बिस्किटं थोडी मऊ, पण छान झालेली.

सगळ्यांनी खाल्ली. पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी मात्र आपलं बिस्किट रुमालात गुंडाळलं. हिमायतनगरहून नवऱ्याला घेऊन नांदेडच्या लेकीकडं आल्या होत्या. वर्गभर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"आजी, खाऊन बघा की."

"मी न्हाई खात. आमच्या म्हाताऱ्याला नेते. त्यानं खाल्लं तर मी शिकले म्हणायचं. तुमचा फोन नंबर द्या."

परतीच्या एसटीत आम्ही दोघी दमून बसलो होतो. बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबली, नसरीन चहा घ्यायला उतरणार तेवढ्यात माझा फोन वाजला. त्याच आजी.

"खाल्लं का आजोबांनी?" मी विचारलं.

"खाल्लं."

"काय म्हणाले?"

"काय म्हणतंय! कधी चांगलं म्हणलंय का जन्मात? गप खाल्लं आन् हात पुढं केला, आजून एक दे म्हणून."

"मग? काय केलंत?"

"काय करणार," आजी म्हणाल्या. "तुम्ही एकच दिलता. लेकीला म्हणलं, ज्वारी दळून आण."